अक्षरांची किल्ली : ‘उज्जैन’ या शब्दाचा संगणकातील प्रवास

अठराव्या शतकात उज्जैन हे शिंद्यांच्या राज्याचे मुख्य ठाणे होते. त्या काळी मराठी कारभाराचे कागद मोडी लिपीत लिहिले जात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो आणि शब्दही तोडून लिहिलेले नसतात. कागद शाबूत, शाई शाबूत. परंतु वाचणाऱ्यापाशी लिपीची किल्ली नसेल तर दस्तऐवज मुकाच राहतो. संगणकातील मजकुराचीही हीच गत होते.

संगणक अक्षर जाणत नाही. तो अंक साठवितो. ० ते २५५ यांपैकी एक अंक मावेल एवढ्या जागेस बाइट म्हणतात, आणि कोणत्या अक्षरास कोणता अंक हे सांगणाऱ्या तक्त्यास वर्णसंकेत. युनिकोड या सर्वमान्य संकेतात ‘उज्जैन’चे सहा घटक होतात : उ, ज, हलन्त, ज, दोन मात्रांचे चिन्ह आणि न. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकास तीन, म्हणजे एकूण १८ बाइट लागतात. त्यांपैकी ‘उ’चे बाइट २२४, १६४ आणि १३७. हेच अंक पश्चिम युरोपीय भाषांच्या विंडोज-१२५२ या तक्त्याने वाचले, तर पडद्यावर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, चलनाचे एक चिन्ह आणि दरहजारीचे चिन्ह उमटते. यात मजकूर बिघडलेला नसतो, किल्ली चुकलेली असते. म्हणूनच वेबपान पाठविणाऱ्या सर्व्हरने वर्णसंकेताचे नाव सोबत कळविणे अगत्याचे असते.

मध्य प्रदेशात हिंदी टंकलेखनासाठी रूढ असलेल्या ‘कृतिदेव’ या फॉन्टची कथा अधिक फसवी आहे. त्यात ‘उज्जैन’ दिसते खरे, पण साठविलेली असतात ती एम, मोठा टी, लहान टी, मोठा एस आणि यू ही पाच रोमन अक्षरे. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तीच उघडी पडतात. येथे अक्षरास अक्षर बदलून भागत नाही. ‘शिप्रा’ लिहिताना कृतिदेवात ऱ्हस्व वेलांटी ‘श’च्या आधी येते, युनिकोडमध्ये ती नंतर येते, रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीस हा क्रमही फिरवावा लागतो. रफाराची अडचण उलट दिशेची असून ती अनेकदा नजरेतून सुटते.

चुकीच्या तक्त्याने नुसते वाचल्यास योग्य तक्ता लावून मजकूर परत मिळतो. परंतु ज्या तक्त्यात देवनागरी नाहीच, त्यात तो साठविला की बहुधा प्रत्येक अक्षराच्या जागी एकच प्रश्नचिन्ह बसते आणि मूळ अंक नाहीसे होतात. खातेदाराच्या नावाऐवजी दहा प्रश्नचिन्हे उरली, तर कोणताही जाणकार त्यातून ते नाव काढू शकत नाही. म्हणून ग्रामपंचायतीच्या वा शाळेच्या जुन्या नोंदींचे रूपांतर करताना मूळ फाइलची प्रत प्रथम अलग ठेवावी, तिच्यावर फॉन्टचे नाव लिहावे, आणि मगच कामास हात घालावा.