खुरप्याखालचं माळवं
(उमरगा येथील महिला मेळाव्यातल्या भाषणाचं शब्दांकन)



आज आपण भाजीबद्दल बोलू. भाजी निवडणं हे बाईचं काम, त्यात कसली आलीय चळवळ, असं कुणी म्हणेल. म्हणूनच बोलायचं.

एम.एस.डब्ल्यू. करून मी शहरातून इकडे कामाला आले. उमरग्याच्या बाजारात मेथी, पालक, शेपू ओळखीचे होते. पण कडेला फडकं अंथरून बसलेल्या बायांपुढच्या निम्म्या जुड्या मला अनोळखी. लालसर देठाची, जाड बारीक पानांची घोळ. मोडली की पांढरा चीक येणारी पाथरी. ती भाकरीबरोबर कच्चीच खायची. करडईचा कोवळा पाला. आणि अंबाडी. तिला शेजारची कानडी बोलणारी बाई ‘पुंडी पल्ल्या’ म्हणत होती. हैदराबादकडे तीच ‘गोंगुरा’. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यातच होता. राज्यं वाटली गेली, चुलीवरची अंबाडी वाटली गेली नाही.

घोळ, पाथरी कुणी पेरत नाही. खुरपायला गेलेल्या बाया तण काढतात आणि त्यातलं खायचं तेवढं ओटीत घालतात. कोणतं पान कधी कोवळं, कोणतं निबर झालं की कडू, कोणतं तसंच दिसतं पण खायचं नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ. याला ज्ञान म्हणायचं की नाही?

आता सोयाबीन आलं, त्यावर तणनाशक आलं. फवारणी झाली की खुरपणीची मजुरी जाते, ओटीतली भाजीही जाते. उरलीसुरली फवारलेल्या रानातून आणून लेकरांना घालायची सोय नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५४ बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. एका पालेभाजीनं ते भरून येणार नाही. डाळ, अंडी, लोहाच्या गोळ्याही हव्यात. पण जिच्या ताटात भाकरी आणि ठेचाच असतो, तिची फुकटची भाजी जाणं हे लहान नुकसान नव्हे.

रानात काय फवारायचं हे कोण ठरवतं? सातबारा ज्याच्या नावावर, तो. १९९३ च्या भूकंपानंतर आपल्याच भागात रुजलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’नं पुढं एक एकर शेतीचा मार्ग धरला: घरच्या जमिनीतलं एकरभर बाईनं मागून घ्यायचं, त्यात खाण्याची पिकं, माळवं लावायचं. २०१६ मध्ये या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

दुसरी गोष्ट बाजारातल्या जागेची. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं शहर विक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांना दिल्या. त्यातल्या एक तृतीयांश बायांच्या. फडक्यावर बसणारी बाईही विक्रेताच आहे. तिचं नाव सर्वेक्षणात आलं पाहिजे.

तेव्हा पुढच्या बैठकीला प्रत्येक गटानं तीन गोष्टी आणा. आपल्या शिवारातल्या रानभाज्यांची नावं, म्हाताऱ्या बायांना विचारून. बाजारात बसणाऱ्या आपल्या बायांची यादी. आणि घरात एकरभर रान मागितल्यावर काय उत्तर मिळालं, ते. नकार मिळाला तरी तो सांगा. तिथूनच पुढचं काम ठरेल.