शिक्षा केव्हां संपते?

तुरुंगांतून सुटलेला मनुष्य पुन्हां पूर्ण नागरिक होतो कीं नाहीं, हा वाद अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानांत दीडशें वर्षें चालला आहे. यादवी युद्धानंतर, गुलामगिरींतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना मताधिकार मिळत असतांनाच, १८६८ सालच्या राज्यघटनेनें गंभीर गुन्हेगारांचा मताधिकार कायमचा काढून घेतला. तो परत हवा असल्यास गव्हर्नराकडे दयेचा अर्ज करावा लागे. २०११ च्या नियमांनीं तर त्या अर्जासाठींहि पांच ते सात वर्षें थांबणें भाग पाडलें.

नोव्हेंबर २०१८ मध्यें हा प्रश्न मतदारांपुढें आला. घटनादुरुस्तीस ६० टक्के मतें आवश्यक होतीं. ६४ टक्क्यांहून अधिक पडलीं. खून व लैंगिक अपराध वगळतां, शिक्षा पूर्ण केलेल्यांस हक्क परत मिळावयाचा होता. अशांची संख्या सुमारें १४ लाख मानली जात होती.

परंतु ‘पूर्ण’ म्हणजे काय? २०१९ च्या कायद्यानें दंड, कोर्टाचे आकार व नुकसानभरपाई फेडल्यावांचून शिक्षा संपत नाहीं, असें ठरविलें. २०२० मध्यें अपील न्यायालयानेंहि तें मान्य केलें. कोणाचें किती देणें उरलें, याची एकत्रित नोंद मात्र सरकारपाशीं नव्हती.

मेन व व्हरमाँट या संस्थानांत कैदीसुद्धां मत देतात. दंड वसूल करण्याचे मार्ग सरकारपाशीं पुष्कळ आहेत. कायदा पाळण्याची व कर भरण्याची सक्ती सुटलेल्या मनुष्यावरहि असतेच. मग तो कायदा करणारे निवडतांना त्यालाच वगळणें कितपत न्याय्य आहे?