प्रकाशाला नियम एकच?



धामणगावच्या फलाटावर उभे राहणाऱ्याला हे सांगायला नको की, एकाच रुळावरून मेलही जाते आणि पॅसेंजरही. पण दोघींचा वेग एक नसतो. प्रकाशाचे तसे नाही. त्याची ऊर्जा थोडी असो की अफाट, पोकळीत वेग एकच, सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर. आइन्स्टाइनने 1905 साली मांडलेला सापेक्षतावाद याच पायावर उभा आहे.

लहानथोर सर्वांना नियम एकच, हे वाक्य आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना फार आवडते. परंतु आवडले म्हणून ते खरे ठरत नाही. ते तपासावे लागते.

काही शास्त्रज्ञांची शंका अशी की, वरून गुळगुळीत वाटणारे अवकाश अतिसूक्ष्म पातळीवर खडबडीत असावे. तसे असेल तर अधिक ऊर्जेचा प्रकाश किंचित मागे पडेल. हा फरक इतका लहान की, तो दिसायला शर्यतीचे मैदानही तेवढेच अफाट हवे.

असे मैदान 10 मे 2009 रोजी मिळाले. सुमारे 730 कोटी प्रकाशवर्षे दूर झालेल्या एका स्फोटाचे गॅमा किरण, म्हणजे प्रचंड ऊर्जेचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, 'फर्मी' उपग्रहाने टिपले. त्यांतल्या एका कणाची ऊर्जा दिसणाऱ्या प्रकाशाच्या कणाहून हजार कोटी पटींपेक्षा अधिक होती. तो आपल्या लाखपट दुबळ्या भावंडांच्या मागोमाग एका सेकंदाच्या आत पोचला. एवढी वाटचाल, आणि फरक सेकंदाचाही नाही!

कोणी विचारील, सगळे एकाच वेळी निघाले कशावरून? प्रश्न रास्त आहे. फाटकावर हजेरी लागते ती पोचल्याची. घरून कोण केव्हा निघाला, हे हजेरीबुकात नसते. म्हणून एका स्फोटावर भागत नाही. उशीर वाटेमुळे होत असेल तर तो अंतराबरोबर वाढेल. निघतानाच झाला असेल तर वाढणार नाही. तेव्हा दूरचे, जवळचे अनेक उगम पाहावे लागतात.

असा प्रकाश टिपणारी नजर आपल्या देशातही आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने लडाखात हानले येथे, सुमारे 4300 मीटर उंचीवर, 21 मीटर व्यासाची 'मेस' दुर्बीण उभारली. तिचे उद्घाटन 4 ऑक्टोबर 2024 रोजी झाले. गॅमा किरण जमिनीपर्यंत पोचत नाहीत. हवेवर आदळून ते निळसर प्रकाशाची लकेर उठवतात. ती सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरती टिकते, आणि तेवढ्यात ही दुर्बीण ती पकडते.

वेगात खात्रीचा फरक आजवर सापडलेला नाही. मग एवढी खटपट व्यर्थ का? आम्हांला तसे वाटत नाही. ज्याला पुन्हा पुन्हा कसोटीला लावले आणि जो टिकला, त्याच नियमावर विसंबावे. उद्या फरक सापडला, तर आइन्स्टाइनलाही दुरुस्ती सोसावी लागेल. शास्त्रात थोर नावाला सवलत नाही, आणि तेथली हीच गोष्ट आम्हांला सर्वांत मोलाची वाटते.