पॉइंटांचे खरे मोल

भाईंदरहून सहारच्या विमानतळाकडे निघालेल्या गृहस्थास हल्ली कार्डावर साठलेल्या पॉइंटांचा मोठा भरवसा वाटतो. परंतु पॉइंट म्हणजे पैसा नव्हे. त्याचे मोल देणारी कंपनीच ठरविते, आणि तीच ते घटविते. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची उड्डाणे थांबली. त्या कंपनीच्या विमानाने जाण्याच्या आशेने जमविलेल्या पॉइंटांचा तो मूळ हेतू त्याच दिवशी संपला.

म्हणून आधी हिशेब करावा. तिकिटाचे भाडे ६,००० रुपये आहे, आणि १०,००० पॉइंट दिल्यावरही कराचे १,००० रुपये भरावे लागतात, असे समजा. म्हणजे एका पॉइंटास पन्नास पैसे पडले. हॉटेलात त्याचेच पंचवीस पैसे येत असतील, तर ते तेथे खर्चू नयेत.

लाउंजचेही तसेच. अनेक कार्डांवर मागील तिमाहीत ठराविक खर्च झाला असेल तरच प्रवेश मिळतो, आणि तोही पुष्कळदा एकट्या कार्डधारकास. फुकटच्या न्याहारीसाठी नको ती खरेदी करणे, हा आतबट्ट्याचा व्यवहार होय.

साठविलेल्या धान्यास टोके लागतात, तशी पॉइंटांना मुदत असते. दोहोंचे चीज वेळेवर वापरण्यातच आहे.