शोरूममधून ट्रॅकवर, ट्रॅकवरून भंगारात

(मंडळाच्या ऊद मेथा येथील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'जुन्या स्टॉक कार शर्यती' हा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, की आज शेअर बाजाराच्या टिप्स मिळणार. तसं नाही! इथे स्टॉक म्हणजे दुकानातला माल. शोरूममध्ये तुम्हाआम्हाला मिळते तीच गाडी शर्यतीत पळवायची, ती स्टॉक कार. फॉर्म्युला वनची गाडी जन्मालाच येते शर्यतीसाठी. ही बिचारी मात्र बाजारहाट करायला आलेली असते.

या खेळाचं मूळ ऐकलंत तर गंमत वाटेल. अमेरिकेच्या दक्षिण भागात, उत्तर कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या डोंगरांत, हातभट्टीची दारू निघायची. ती रातोरात शहरात पोचवायला बाहेरून साध्या दिसणाऱ्या फोर्ड गाड्या वापरत. आत तगडं इंजिन, आणि डिकीत माल भरला तरी गाडी मागून बसू नये म्हणून पाट्यांमध्ये फेरफार. पोलिसांना हुलकावणी देणारी हीच पोरं मग आपापसात शर्यती लावू लागली. या सगळ्याला शिस्त लावण्यासाठी बिल फ्रान्स या गृहस्थांनी पुढाकार घेतला आणि 1948 मध्ये 'नॅसकार' ही संस्था उभी राहिली.

निव्वळ शोरूमच्या गाड्यांची पहिली मोठी शर्यत 19 जून 1949 रोजी शार्लट इथे झाली. ग्लेन डनअवे पहिला आला, पण तपासणीत त्याच्या फोर्डचे मागचे पाटे बदललेले सापडले, अगदी दारूवाल्यांच्या पद्धतीने! तो बाद झाला आणि बक्षीस जिम रोपरच्या लिंकनला मिळालं. गाडीचे मालक ह्युबर्ट वेस्टमोरलँड कोर्टात गेले आणि तिथेही हरले.

हेच वेस्टमोरलँड पुढच्या वर्षी दुसऱ्या एका गाडीचे भागीदार म्हणून दिसतात. 4 सप्टेंबर 1950, डार्लिंग्टन, 500 मैलांची शर्यत, 75 गाड्या. कॅडिलॅक, ओल्ड्समोबिल अशा दमदार गाड्यांच्या गर्दीत जॉनी मँट्झ एक साधी प्लिमथ घेऊन उतरला. शर्यतीच्या आधी ही गाडी पोस्टर पोचवायला, किरकोळ कामांना वापरत होते असं सांगतात. पण तिला ट्रकचे कडक टायर लावले होते. वेगवान गाड्यांचे टायर एकामागून एक फुटत गेले, मँट्झ मात्र संथ लयीत चालवत राहिला आणि तब्बल नऊ फेऱ्यांच्या फरकाने जिंकला. आपली ससा-कासवाची गोष्टच म्हणा ना.

आता प्रश्न असा, की या गाड्यांचं पुढे झालं काय? बहुतेकींचं उत्तर एकच आहे : भंगार. शर्यत संपली की चांगलं इंजिन काढून दुसऱ्या गाडीत घालायचं, दारं-चाकं विकायची, उरलेला सांगाडा मोडीत. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात जुन्या गाड्यांचे सुटे भाग ज्यांनी शोधले आहेत, त्यांना हा हिशोब समजावून सांगायला नको. काही गाड्या गावोगावच्या मातीच्या ट्रॅकवर स्वस्तात विकल्या गेल्या. तिथे नवा मालक नवा रंग, नवा नंबर देई. म्हणूनच आज एखादा जुना सांगाडा सापडला तर जाणकार मंडळी रंगाचे थर हळूहळू घासून खालचा नंबर शोधतात, वेल्डिंगच्या खुणा जुन्या फोटोंशी ताडून बघतात. कागद आणि फोटो नसतील, तर खरी गाडी आणि हुबेहूब नक्कल यांत फरक करणं फार अवघड जातं.

थोड्या गाड्या नशीबवान ठरल्या. हर्ब थॉमसची 92 नंबरची हडसन हॉर्नेट मिशिगनमधल्या इप्सिलँटीच्या संग्रहालयात आहे. मुलांनो, 'कार्स' सिनेमातला डॉक हडसन आठवतो ना? त्याचं मूळ ही हडसन. रिचर्ड पेटीने 4 जुलै 1984 रोजी आपला दोनशेवा विजय मिळवला, ती पाँटियाक स्मिथसोनियनमध्ये जपली आहे. आणि 1970 ची प्लिमथ सुपरबर्ड! शर्यतीच्या नियमासाठी कंपनीला ती सर्वसामान्यांनाही विकावी लागली. पण मागचा तो उंच पंख बघून गिऱ्हाईकच येईना. काही विक्रेत्यांनी पंख काढून टाकून गाड्या खपवल्या. आज त्याच गाड्या लिलावात लाखो डॉलरना जातात.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या प्लिमथशी आपलं काय नातं? आहे, मंडळी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथच जोडल्या जात. पुढे तिथेच फियाट 1100 आली आणि तीच आपली प्रीमियर पद्मिनी. जेमतेम 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअर, आणि सहलीला निघाली की मागे किती माणसं बसत ते विचारू नका! मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत, तेव्हा फियाट, अ‍ॅम्बॅसॅडर, हेराल्ड याच गाड्या पळत. त्या आपल्या स्टॉक कार.

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. आता ज्या पद्मिनी उरल्या, त्या घराघरांतल्या. सांगलीत, नाशकात, दादरच्या चाळीच्या मागे ताडपत्रीखाली उभ्या आहेत. त्यांचा निकाल बरेचदा दुबईहून केलेल्या एका फोनवर लागतो : "बाबा, देऊन टाका भंगारवाल्याला. जागा तरी मोकळी होईल."

देऊ नका असं मी सरसकट म्हणणार नाही. जागेची अडचण खरी असते, खर्चही असतो, आणि वडीलधाऱ्यांनी या वयात गॅरेजच्या फेऱ्या का माराव्यात? पण फोन करण्याआधी एक गोष्ट माहीत असू द्या. 2021 साली केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ स्वरूपात असलेली खासगी गाडी 'व्हीए' अक्षरांच्या खास नंबरवर नोंदता येते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये असून ती दहा वर्षं चालते. रोजच्या वापराला ती गाडी चालत नाही, प्रदर्शन-रॅलीला चालते. सुरुवातीच्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत.

'मूळ स्वरूप' हा शब्द महत्त्वाचा. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल केलेत, तर हा मार्ग बंद. म्हणून पुढच्या सुट्टीत घरी गेलात की एवढं करा : आरसी बुक शोधून ठेवा, चेसिस आणि इंजिन नंबरचे फोटो काढा, आणि गाडीसोबतचे घरचे जुने फोटो एका पाकिटात घाला. हौसेने नवीन इंजिन बसवू नका. आणि गाडी द्यायचीच ठरली, तर भंगारवाल्याच्या आधी एखाद्या व्हिंटेज क्लबला विचारा.

डार्लिंग्टनची प्लिमथ जिंकली तेव्हा ती जेमतेम वर्षाची, अगदी सामान्य गाडी होती. सामान्य वस्तू जपायचं कुणाच्या मनात येत नाही, आणि मनात येतं तेव्हा त्या उरलेल्या नसतात. आपल्या पद्मिनी अजून थोड्या उरल्या आहेत.