२१४ कोटींची भिंत

आजचा आकडा आहे २,१४,७४,८३,६४७. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. दम लागला ना?

२०१४ च्या डिसेंबरमध्ये ‘गंगनम स्टाइल’ गाण्याचे व्ह्यूज या आकड्याच्या पुढे गेले. ३२ बिटांच्या काउंटरमध्ये एवढे व्ह्यूज मावणारच नव्हते, म्हणून यूट्यूबनं तो ६४ बिटांचा केला.

पण भिंत नेमकी इथेच का? बघा, तीन घरांत मावणारी सगळ्यात मोठी संख्या कोणती? ९९९. म्हणजे हजाराला एक कमी. कॉम्प्युटरकडे अंक दोनच, ० आणि १. त्याच्या ३२ घरांपैकी एक जातं अधिक-उण्याच्या खुणेला. उरलेल्या ३१ घरांत सगळीकडे १ भरले, की येतो २ चा ३१ वा घात वजा १. हाच आपला आकडा.

आता गंमत ऐका. ही मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः सोडली, तर तिला कशानंच भाग जात नाही. हे ऑयलरनं १७७२ मध्ये दाखवलं, तेही दृष्टी जवळपास गेलेली असताना! साध्या पद्धतीनं तपासायचं तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. त्या निघतात साडेचार हजारांहून जास्त. पण या संख्येला भाग जायचाच असेल, तर भागणाऱ्या मूळ संख्येला २४८ नं भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरायला हवी. या चाळणीतून शंभराहूनही कमी संख्या खाली येतात. पहिलीच घ्या, ३११. भागून बघा, बाकी उरते ३५. बाकीच्यांचंही तेच, भाग कुणाचाच जात नाही.

मग अशी प्रत्येक भिंत मूळ संख्याच असते का? नाही. ६४ बिटांची भिंत म्हणजे २ चा ६३ वा घात वजा १. तिला साध्या ७ नं भाग जातो.

आता कामाची गोष्ट. अनेक सिस्टिम वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. हे सेकंद ३२ बिटांत ठेवले असतील, तर १९ जानेवारी २०३८ ला आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाले की भिंत लागते. पुढच्याच सेकंदाला तारीख उलटून थेट डिसेंबर १९०१! नवे फोन वेळ ६४ बिटांत ठेवतात, त्यामुळे त्यांना धोका नाही. अडचण आहे ती वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेल्या जुन्या मशीनची आणि जुन्या डेटाबेसची.

तुमच्यापैकी कोडिंग करणाऱ्यांनी एवढं कराच: आपल्या प्रोजेक्टमध्ये वेळ किती बिटांत ठेवलीय, ते आजच उघडून बघा. २०३८ लांब वाटतं, पण आज लिहिलेला कोड तोवर कुठेतरी चालू असू शकतो.

भेटू पुढच्या भागात!