दोन रुपयांचा चेक आणि फुकटचं इंटरनेट

सोलापूरचा तो दोन रुपयांचा चेक आठवतोय का? फेब्रुवारी २०२३. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने दहा पिशव्या, म्हणजे ५१२ किलो कांदा आपल्या मार्केट यार्डात आणला. भाव मिळाला किलोला एक रुपया. भाडं, हमाली, तोलाई कापून उरले २ रुपये ४९ पैसे. चेक मात्र दोनच रुपयांचा, आणि तोही पुढच्या तारखेचा! त्या चेकचा फोटो मोबाइलवरून राज्यभर फिरला.

आता थोडं मागे जाऊ. २०१५ साली फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सला सोबत घेऊन डेटा-पॅक न मारता चालणारं इंटरनेट आणलं. महाराष्ट्रातही आलं होतं ते. पुढे त्याचं नाव 'फ्री बेसिक्स' झालं. त्यावर टीका सुरू झाली तेव्हा झुकरबर्गने डिसेंबरमध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त लेख लिहिला आणि उदाहरण दिलं महाराष्ट्रातल्याच गणेश नावाच्या शेतकऱ्याचं. तो फ्री बेसिक्सवर हवामान बघतो, बाजारभाव बघतो, वगैरे.

मला त्यातलं 'बघतो' खटकतं. भाव बघायला मिळाला, पण भाव पडला म्हणून ओरडायचं कुठे? फ्री बेसिक्सवर ठरावीक साइट्सच उघडायच्या. त्यांच्या तांत्रिक अटींत बसल्याशिवाय आत प्रवेश नाही आणि व्हिडिओ तर चालतच नव्हता. फेसबुक होतं की तिथे, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, चेकचा फोटो तिथे टाकता आला असता. पण त्याची बातमी देणारी साइट यादीत नसेल तर फुकटवाल्याला ती उघडणारच नाही. मग गावातले निम्मे लोक बोलणार फक्त एकाच कंपनीच्या अंगणात.

नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे नेमकं हेच थांबवणं. नेट देणाऱ्या कंपनीने सगळ्या साइट्सना सारखं वागवायचं. ही फुकट, ती महाग, असं करायचं नाही. 'ट्राय'ने २०१५ मध्ये मतं मागवली तेव्हा दहा लाखांच्या वर ईमेल गेले होते. शेवटी ८ फेब्रुवारी २०१६ ला साइट बघून वेगळा दर लावण्यावर बंदी आली, मोडली तर दिवसाला ५० हजार दंड.

अर्थात, पोस्ट दाबणं अ‍ॅपच्या हातात आणि नेट बंद करणं सरकारच्या हातात. तिथे हा नियम काही कामाचा नाही. त्यावर पुढच्या भागात बोलू. तोवर यार्डातलं कुणी ऐकत असेल तर आजचा कांद्याचा भाव व्हॉइस नोटवर पाठवा की!